मनातल्या हिशेबाची भाषा

गेल्या दिवाळीची गोष्ट. घरात शंकरपाळ्यांची तयारी चालली होती. सौभाग्यवतींनी नातीला हाक मारून सांगितले, "सोनू, एक वाटी दूध घे, एक वाटी साखर घे आणि पाऊण वाटी तूप." नात इंग्रजी शाळेत सातव्या इयत्तेत शिकते. दूध आले, साखर आली. तुपापाशी मात्र तिचा हात थांबला. "आजी, पाऊण म्हणजे किती ग?" तिने विचारले. मी पलीकडे वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. म्हणालो, "अग, थ्री-फोर्थ." त्यासरशी तिने तूप अगदी बिनचूक मोजून दिले.

अपूर्णांकांच्या चाचणीत याच मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तेव्हा पाऊण ही संख्या तिला ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? संख्या तिच्या मनात होतीच. परंतु ज्या खोलीत ती नांदत होती, त्या खोलीची किल्ली आजीच्या शब्दाजवळ नव्हती.

त्या वेळी आम्ही सारे हसलो आणि शंकरपाळी तळायला लागलो. मागाहून मात्र मी माझ्याच मनाचा झाडा घेतला. माझी सारी हयात हिशेबाच्या चाकरीत गेली. खतावण्या इंग्रजी, टिपणे इंग्रजी, वरिष्ठांपुढची कैफियत इंग्रजी. पण नोटांची चळत हाती आली की ओठ हलायचे ते मराठीत: अठ्ठावन, एकोणसाठ, साठ. मध्येच कोणी इंग्रजीत काही विचारले तर मी त्याला उत्तर देत असे खरा, पण चळत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागे.

माणूस चारचौघांत कोणती भाषा बोलतो हे जगाला दिसते. मनातल्या मनात तो हिशेब कोणत्या भाषेत करतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक. मग विद्या शिकवावी ती कोणत्या भाषेत? जगात जी मानाने मिरवते तीत, की जिच्यात मूल मनाशी पुटपुटते तीत? हा प्रश्न आज घरोघर चर्चेला असतो. परंतु तो आजचा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत या एका प्रश्नावर शहाण्यासुरत्या माणसांत मोठा वाद माजला होता. त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या हकीकतीला हात घालण्यापूर्वी आपण जरा पंतोजींच्या शाळेत डोकावू.

इंग्रज येण्यापूर्वीपासून महाराष्ट्रात गावोगाव अशा शाळा भरत. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात. मुलापुढे धूळपाटी असे. तीवर बोटाने वा काडीने अक्षर काढावयाचे आणि हात फिरवून पुसावयाचे. बाराखडी झाली, मोडी गिरवून झाली की खरा भर हिशेबावर. संध्याकाळी दिवेलागणीला शुभं करोति झाले की परवचा सुरू होई. त्यात पाढे असतच; पण त्यांच्या पाठोपाठ येई ती अपूर्णांकांची फौज. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. सोळाची पावकी चार, पाऊणकी बारा, सवायकी वीस, दिडकी चोवीस आणि औटकी छप्पन. रुपयाचे आणे सोळा आणि मणाचे शेर चाळीस असण्याच्या त्या काळात बाजारातला बहुतेक व्यवहार या सात पाढ्यांत बसत असे. पोरगे मोठे होऊन दुकानाच्या गादीवर बसले की त्याला कागद लागत नसे. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, उत्तर जिभेवर हजर.

यातली खुबी नीट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजीत साडेतीन म्हणावयाचे तर "तीन आणि अर्धा" अशी मोळी बांधावी लागते. मराठीत दीड, अडीच, औट ही एकेका शब्दाची सुटसुटीत नावे आहेत. ज्याला नाव आहे त्याचा पाढा करता येतो. ज्याचा पाढा होतो ते पाठ होते. आणि जे पाठ होते त्यासाठी डोके शिणवावे लागत नाही. कित्येक पिढ्यांच्या वाण्या-व्यापाऱ्यांनी आणि कुळकर्ण्यांनी केलेला विचार भाषेने साठवून ठेवला होता आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पदरात तो आयता पडत होता. भाषा आणि बुद्धी यांचे नाते काय, असे कोणी विचारले तर मी त्याला आधी औटकीचा पाढा दाखवीन.

तथापि पंतोजींच्या शाळेची आरतीच ओवाळीत बसण्याचे कारण नाही. तिथे छडी होती, अर्थावाचून घोकंपट्टी होती. पृथ्वीचा आकार, रक्ताचे अभिसरण, वाफेची शक्ती यांची तिथे वार्ताही नव्हती. आणि सर्वांत मोठे वैगुण्य हे की त्या ओसरीवर मुलींना जागा नव्हती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर अंगणातही नव्हती. भाषा सर्वांची, तिच्यात साठवलेली विद्या मात्र थोड्यांची.

इ. स. १८१८ साली पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ पर्यंत त्या जागेवर राहिला. त्याच्या कारकिर्दीत, १८२२ साली, शाळा काढण्यासाठी व शाळांना पुस्तके पुरविण्यासाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तिचा चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करातला इंजिनीयर. हा मोठा उद्योगी गृहस्थ. एतद्देशीय तरुणांना मोजणी, बांधकाम आणि त्यांना लागणारे गणित शिकवावयाचे त्याने ठरविले, आणि तेही मराठी व गुजराती या भाषांतून. त्यासाठी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून त्याने अंकगणित, भूमिती, त्रिकोणमिती यांची पुस्तके देशी भाषांत सिद्ध केली. म्हणजे पाहा, आगगाडी अजून तीस वर्षे दूर होती, आणि मुंबईत मराठी मुले मराठीतून त्रिकोणमिती शिकत होती!

याच सुमारास मोल्सवर्थ नावाचा दुसरा एक लष्करी अधिकारी मराठी शब्दांच्या मागे लागला होता. वयाच्या सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेल्या या माणसाने कँडी बंधू आणि पंडितांचा एक मेळा यांच्या साहाय्याने देशावरचे, कोकणातले, शास्त्र्यांच्या आणि कुणब्यांच्याही तोंडचे शब्द गोळा केले. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली होती. मराठी ही दरिद्री भाषा आहे असे म्हणणाऱ्यांना याहून वजनदार उत्तर मिळणे कठीण. नुसता ग्रंथ उचलून दाखविला तरी पुरे.

कोश १८३१ साली निघाला आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. तेव्हा बाळशास्त्री जेमतेम विशीचे. त्या पत्राच्या पानाला दोन रकाने असत. एकात इंग्रजी मजकूर, शेजारी मराठी. त्या दोन रकान्यांकडे पाहिले की या अल्पायुषी पुरुषाच्या मनाची घडण समोर उभी राहते. नवी विद्या इंग्रजीतून येते हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ती शेजारच्या रकान्यात उतरल्यावाचून आपली होत नाही, हेही तितकेच ठाऊक होते. गणिताच्या एका अवघड शाखेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले आणि तिला नाव दिले 'शून्यलब्धि'. दोन राशींमधले अंतर शून्याकडे नेत नेत उत्तर लाभवून घ्यावयाचे, ही त्या गणितातली गोम. तो शब्द ऐकताच तिचा अर्धा अर्थ मराठी विद्यार्थ्याच्या मनात उजाडतो. पुढे तो शब्द मागे पडला आणि दुसरे रूढ झाले, ही गोष्ट वेगळी. परंतु असा शब्द घडविणाऱ्याने ती विद्या आपल्या भाषेत पुन्हा एकदा मुळापासून विचारात घेतली होती, एवढे खास. याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापवून लोकांच्या हाती दिली. १८४६ साली ते वारले. वय अवघे चौतीस.

ते गेले आणि दुसऱ्याच वर्षी वाद पेटला.

शिक्षणाचा कारभार १८४० पासून सरकारने नेमलेल्या बोर्डाकडे आला होता. सर अर्स्किन पेरी हे १८४३ पासून त्याचे अध्यक्ष. मुंबईच्या सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने निश्चयी. बोर्डावर तीन एतद्देशीय सभासद होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. शिवाय आपले कॅप्टन जर्व्हिस, आता कर्नल झालेले, हेही तिथे होतेच.

पेरीसाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारजवळ पैसा बेताचा. देशी भाषांत पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत. तेव्हा आहे तो पैसा थोड्या हुशार मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात घालावा. ही मुले शहाणी झाली की विद्या त्यांच्याकडून खाली पाझरत पाझरत सर्व समाजापर्यंत जाईल. शिवाय लोकांनाच इंग्रजी हवी आहे, नोकरीसाठी हवी आहे. ती त्यांच्या मनाविरुद्ध कुणी लादीत नाही.

जर्व्हिस यांनी १८४७ च्या आरंभी टिपण लिहून याला कसून विरोध केला. मूठभरांना परभाषेत पारंगत करून लोकांची विद्या वाढत नसते. उलट शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात भिंत उभी राहते. लोकांना शहाणे करावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच केले पाहिजे, असा त्यांचा रोख. त्याच वर्षी जगन्नाथ शंकरशेटांनीही आपले मत लिहून कळविले. नाना शंकरशेट म्हणजे इंग्रजीचे वैरी नव्हेत; मुंबईतल्या इंग्रजी शिक्षणाला त्यांच्याइतका हातभार लावणारे धनिक थोडेच. पण त्यांचे सांगणे व्यवहारी माणसाचे होते. ज्यांना सवड आहे आणि ऐपत आहे त्यांनी इंग्रजी जरूर शिकावी. परंतु बहुजनांच्या आयुष्यात शिक्षणासाठी चार-दोन वर्षेच असतात. ती परक्या भाषेची अक्षरे ओळखण्यात खर्ची पडली तर ज्ञान गाठीला बांधणार केव्हा? एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांच्या घरच्या चालीरीती वेगळ्या. पण या प्रश्नावर तिघेही जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले.

याच १८४७ साली मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश छापून निघाला, हा योगायोग मोठा बोलका आहे. इकडे मराठीत नवी विद्या मावेल की नाही यावर कागद रंगत होते, आणि तिकडे ती मावविण्यासाठी लागणारी भांडी घडवून तयार होत होती.

वाद सरकारपर्यंत गेला. १८४८ साली उत्तर आले. पण त्या उत्तराने वाद मिटला नाही. कारभार पेरींच्या हाती होता आणि ते १८५२ पर्यंत अध्यक्ष राहिले, तेव्हा गाडी त्यांच्याच रुळावरून चालली.

आता पेरींच्या पक्षालाही न्याय दिला पाहिजे. त्यांनी वाढविलेल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून दादाभाई नौरोजींसारखी रत्ने निघाली. आणि गंमत अशी की १८४८ साली याच इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी जी सभा काढली, तिच्या मराठी आणि गुजराती शाखा त्यांनी निघताच स्थापन केल्या. ज्ञानप्रसारक सभा ती हीच. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या, त्याही मराठी आणि गुजराती. वर्गात मिल्टन वाचून आलेला तरुण संध्याकाळी व्याख्यान द्यायला उभा राही तो मायभाषेत. म्हणजे विद्या खाली पाझरली खरी. पण आपोआप पाझरली नाही; कुणीतरी घागरी भरभरून ती वाहून आणली, आणि घागर होती मायबोलीची.

परंतु या वादाचा खरा निकाल माझ्या मते मुंबईच्या बोर्डात लागलाच नाही. तो लागला पुण्यात.

सरकारचे ते उत्तर आले त्याच १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पाठोपाठ महार-मांग म्हणून दूर ठेवलेल्या मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा उघडल्या. जोतीराव स्वतः मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले. सावित्रीबाई लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवून शिक्षिका झालेल्या. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापला गेला. या दोघांपुढे माध्यमाचा वाद उभाच राहिला नाही. समोर बसलेल्या मुलीजवळ एकच भाषा होती, आणि आयुष्यात शिकायला मिळणारी वर्षे बोटांवर मोजण्याजोगी होती. त्यांनी मराठीत शिकविले.

या शाळेत मुक्ता नावाची एक मांग समाजातली मुलगी होती; आडनाव साळवे. वय सुमारे चौदा. तीनच वर्षांच्या शिक्षणावर तिने एक निबंध लिहिला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा हा निबंध १८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला.

तो निबंध म्हणजे नुसते रडगाणे नव्हे. त्यात युक्तिवाद आहे. वेद पाहण्याचा अधिकार जर एका वर्णाचाच असेल, तर त्या ग्रंथाप्रमाणे वागण्याचे बंधन आमच्यावर कुठून आले? ज्यांना धर्मग्रंथच नाही त्यांचा धर्म कोणता? गृहीत घ्यायचे, त्यातून पुढचे काढायचे आणि शेवटी प्रतिपक्षाला उत्तर देणे अशक्य करून सोडायचे, ही मोठमोठ्या वकिलांची रीत. ती या मुलीला साधली होती. पिढ्यान्‌पिढ्या ओसरीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या घरातली मुलगी तीन वर्षांत इथवर येते, याचे श्रेय तिच्या बुद्धीला आहे, फुले पतिपत्नींना आहे. आणि आणखी एका गोष्टीला आहे. तिला शब्द शोधावे लागले नाहीत. दुःखाचे, अपमानाचे, भुकेचे सारे शब्द तिच्याजवळ आधीच होते. शाळेने तिला लिहायला शिकविले, 'म्हणून', 'तर', 'परंतु' यांची धार दाखविली आणि ती दोन्ही एका ठिकाणी आली. हीच तीन वर्षे जर परक्या भाषेच्या स्पेलिंगात गेली असती, तर १८५५ सालचा तो निबंध आपल्याला वाचायला मिळाला नसता.

स्वतः जोतीरावांनी दोन्ही भाषा वापरल्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले ते इंग्रजीत, कारण ऐकणारा इंग्रज होता. त्यात मागितले मात्र हे की रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे शिक्षण आधी पोहोचावे. इंग्रजी कशासाठी आणि मराठी कशासाठी, याचा इतका स्वच्छ विवेक त्या काळी फार थोड्यांजवळ होता.

पुढची हकीकत आटोपती घेतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. आरंभी वरच्या परीक्षांत देशी भाषांना थारा होता. १८६० च्या दशकात तो गेला आणि त्यांची जागा संस्कृतादि अभिजात भाषांनी घेतली. म्हणजे मराठी मुलाला पदवीसाठी संस्कृत, लॅटिन चाले, मराठी चालेना. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा पहिल्याच अंकात मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर त्यांना लिहावेसे वाटले, ते उगीच नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी चिकाटीने खटपट केली. १९०१ साली, ज्या वर्षी रानडे निवर्तले त्याच वर्षी, एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि मायबोलीतून उच्च शिक्षण देण्याची प्रतिज्ञा केली. बाकीची विद्यापीठे ज्या गोष्टीला कचरत होती ती बायकांच्या विद्यापीठाने आधी केली.

इथवर झाली ती हकीकत. आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. कारण जर्व्हिस आणि पेरी यांच्याजवळ जे नव्हते ते आज आपल्याजवळ आहे. रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांवर अमेरिकेत काही प्रयोग झाले आणि २००१ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांना काही नवे हिशेब एका भाषेत शिकविले आणि मग दुसऱ्या भाषेत विचारले. नेमके उत्तर हवे असेल तेव्हा भाषा बदलताच त्यांना वेळ जास्त लागे. केवळ अदमास विचारला तर मात्र कोणत्याही भाषेत सारखाच वेळ. याचा अर्थ असा दिसतो की अदमास करण्याची शक्ती भाषेच्या आधीची आहे. नेमकेपणा मात्र भाषेच्या खुंटीवर टांगलेला असतो, आणि तोही ज्या भाषेत शिकला त्याच खुंटीवर. माझी नोटांची चळत पुन्हा का मोजावी लागे, ते मला इतक्या वर्षांनी उमगले.

आणखी एक. आपल्या भाषेत सारे सोनेच आहे असेही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक', 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' अशी वाचने आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधिमंडळापासून कट्ट्यांपर्यंत थट्टेला ऊत आला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावे काढलेली नाहीत. मुलाला कळायला सोपे जावे म्हणून दुसरी वाट दाखविली आहे. विचार करा. आपण लिहितो आधी सहा आणि मग तीन. बोलतो आधी तीन आणि मग साठ. एकोणसाठ म्हणताना तर मुलाने आधी साठावर जायचे आणि मग एक पायरी उतरायची. शेजारच्या कानडीत दशक आधी आणि एकक मागून येतो. चिनी आणि जपानी मुलांना अकरा म्हणजे 'दहा एक' असे सरळ म्हणता येते, आणि पहिल्या इयत्तांत त्याचा त्यांना लाभ होतो असे अभ्यासक सांगतात. तेव्हा औट हे आपल्या भाषेने मुलाला दिलेले देणे, तर एकोणसाठ हे तिने त्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे. दोन्ही तिचीच. मायबोली म्हणून देणे जपावे आणि ओझे हलके करावे. जांभेकरांनी 'शून्यलब्धि' घडविली ती याच वृत्तीने. भाषेला देव्हाऱ्यात बसविणाऱ्यांपेक्षा तिला कामाला लावणाऱ्यांनीच तिची सेवा अधिक केली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०२१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकविण्यास परवानगी मिळाली. ती बातमी वाचली तेव्हा मला कॅप्टन जर्व्हिसची आणि त्याच्या त्रिकोणमितीची आठवण झाली. दोनशे वर्षांचा वळसा घालून आपण त्याच दाराशी आलो. पण कायदे आणि परवानग्या दार उघडून देतील; आत वस्ती करायची ती घरादारांनी. नातीला इंग्रजी शाळेत घातल्याबद्दल मी माझ्या मुलाला बोल लावीत नाही. जग कुठे चालले आहे ते त्याला माझ्याहून अधिक कळते, आणि पेरीसाहेब म्हणत त्याप्रमाणे ती भाषा लोकांनाच हवी आहे. बोल लावायचा तर मला मी लावीन. दिवेलागणीची ती अर्धी घटका माझ्या हाती होती, आणि मी ती बातम्या ऐकण्यात घालविली.

म्हणून शंकरपाळ्यांची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे वाढले आणि दीडपट घाणा करायचे ठरले. मी नातीला विचारले, "पाऊण वाटीच्या दीडपट तूप किती?" ती कागद घेऊन बसली. तिचे उत्तर निघायच्या आत सौभाग्यवती म्हणाल्या, "सव्वा वाटी, पण हात जरा आखडून." दोन मिनिटांनी नातीने कागद पुढे केला: नऊ छेद आठ, म्हणजे एक वाटी आणि वर एक अष्टमांश. सव्वाला अदपाव कमी. दोघीही बरोबर होत्या. आजीला तो कागद वाचता येईना आणि नातीला 'अदपाव' समजेना. मी मध्ये बसून एकीचे दुसरीला सांगितले, तेव्हा दोघी एकमेकींकडे जरा कौतुकाने पाहू लागल्या.

त्या दिवसापासून आमच्याकडे दिवा लागला की परवचा होतो. पावकी, निमकी झाली; पाऊणकी चालू आहे. पाठ म्हणून झाले की प्रत्येक ओळ ती इंग्रजीत का खरी आहे ते मला समजावून सांगते. दोन रकाने, शेजारी शेजारी. औटकीपर्यंत पोहोचायला पुढची दिवाळी उजाडेल असा माझा अदमास आहे. नेमके सांगता येत नाही.